पॅनेलवरचा मासा परत आणताना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण लिनक्स कसं बसवायचं आणि जुन्या मशीनवरच्या फाइली नव्यावर कशा आणायच्या, ते पाहिलं. आजचा विषय वाचून काही जण हसले, ते आमच्या लक्षात आलं आहे. पॅनेलवरचा एक मासा नाहीसा झाला, तो परत कसा आणायचा, एवढ्यावर एक अख्खं व्याख्यान! पण हा प्रश्न आमच्या रविवारच्या वर्गात खरोखर आला होता आणि तो सोडवताना आम्ही एक चूक केली. त्या चुकीतून जे शिकलो, ते पॅनेलवरची कुठलीही वस्तू हरवली तरी उपयोगी पडतं. मग ते घड्याळ असो नाहीतर आवाजाचं चिन्ह.

आधी ओळख करून घेऊ. स्क्रीनच्या वर किंवा खाली जी लांब पट्टी असते, तिला पॅनेल म्हणतात. त्या पट्टीवर घड्याळ, बॅटरी, मेनू अशा छोट्या छोट्या वस्तू बसवलेल्या असतात. त्यांना कुणी ॲप्लेट म्हणतं, कुणी विजेट, कुणी प्लगिन. वेगवेगळ्या डेस्कटॉपची वेगवेगळी नावं, वस्तू तीच. बहुतेक कामाच्या असतात, काही निव्वळ गमतीच्या.

गमतीच्या वस्तूंमध्ये सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे जीनोम डेस्कटॉपचा मासा. त्याचं नाव वांडा. (याच नावाचा एक मासा १९८८ च्या 'अ फिश कॉल्ड वांडा' या चित्रपटातही आहे.) हा मासा पट्टीवर शेपूट हलवत राहतो. त्याच्यावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते आणि मासा एखादं वचन सांगतो. आणखी ऐकायचं असेल तर 'पुन्हा बोल' अशा अर्थाचं बटणही आहे.

करणाऱ्यांनी त्याचा निरुपयोगीपणा लपवलेला नाही. त्याच्या माहितीच्या चौकटीत साफ लिहिलं आहे की याचा काडीचाही उपयोग नाही, हा फक्त डिस्कवरची आणि पॅनेलवरची जागा खातो, आणि जो कुणी हा वापरताना सापडेल त्याला मानसोपचारासाठी पाठवावं. (हशा) पुढे ऐका. माशानं काय बोलावं, हे सेटिंगमध्ये बदलता येतं. तिथे तुम्ही मशीन किती वेळ चालू आहे हे सांगणारी कमांड दिलीत, तर तो तक्रार करतो. हे तर खरंच कामाचं काहीतरी दिसतंय, माशाला अशा कामाला लावू नका, असा इशारा येतो. आणि १ एप्रिलला हाच मासा मेल्यासारखा उलटा दिसतो. त्या दिवशी घाबरून दुरुस्तीला लागू नका. दुसऱ्या दिवशी तो बरा होतो.

आता हा मासा गेला कुठे? एप्रिल २०११ मध्ये जीनोमची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात जुनं पॅनेलच काढून टाकलं आणि जीनोम शेल नावाची नवी रचना आणली. जुनी ॲप्लेट त्या रचनेत बसत नाहीत. एक उदाहरण देतो. भिंतीवरची खुंटीच काढली, तर टोपी कितीही चांगली असली तरी अडकवणार कशाला? मासा बिघडला नव्हता, त्याची खुंटी गेली होती.

पण जीनोमचा सोर्स कोड खुला होता. एका अर्जेंटिनी वापरकर्त्यानं २०११ मध्येच जुन्या जीनोमची प्रत घेऊन ती वेगळ्या नावानं पुढे चालवायला सुरुवात केली. ते नाव माटे. आपल्याकडच्या माटे आडनावाशी त्याचा संबंध नाही, दक्षिण अमेरिकेत येर्बा माटे नावाचं एक पेय पितात, त्यावरून ते आलं. पुढे बरेच लोक त्या कामात आले. आज उबंटू, डेबियन, मिंट सगळीकडे माटे मिळतं, आणि त्याच्या पॅनेलबरोबर हा मासाही येतो.

आता आमच्या चुकीकडे येऊ. वर्गात एक निवृत्त काका येतात. वय सत्तरीच्या पुढचं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलावी लागली आणि उबंटू माटे नव्यानं टाकलं गेलं. नंतरच्या आठवड्यात त्यांनी एकट्यानं, वहीतल्या टिपणांवरून, सगळं पॅनेल पुन्हा मांडलं. मोठ्या अक्षरांचं घड्याळ, मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायचं चिन्ह, पेन्शनच्या पानाचं बटण, सगळं. फक्त मासा सापडेना. वर्ग संपल्यावर सगळे गेले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "अहो, एक फालतू प्रश्न आहे. आमची नात रोज फोनवर विचारते, आजोबा, आज मासा काय म्हणाला? आणि मासाच दिसत नाही."

आम्हाला निघायची घाई होती. काय झालंय ते न विचारताच आम्ही पॅनेल रीसेट करणारी कमांड चालवली. पॅनेल क्षणभर गायब झालं आणि कोरं करकरीत होऊन परत आलं. मोठं घड्याळ गेलं, कीबोर्डचं चिन्ह गेलं, पेन्शनचं बटण गेलं. आणि मासा? तो नव्हताच. कारण रीसेट म्हणजे मूळ मांडणीवर परत जाणं, आणि मूळ मांडणीत मासा कधीच नसतो. काका काही बोलले नाहीत. "राहू द्या, तसंही फालतूच होतं ते," एवढं म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला. पुढच्या रविवारी ते आलेही नाहीत. मग आम्ही त्यांच्या घरी गेलो, दीड तास बसून सगळं पुन्हा मांडलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्या दिवशी आम्हाला चांगलंच लागू पडत होतं.

तेव्हापासून आम्ही एक क्रम ठरवला आहे. तो लिहून घ्या.

सुरुवात नेहमी प्रत ठेवण्यापासून. माटेची पॅनेलची मांडणी डीकॉन्फ नावाच्या कोठारात असते. 'डीकॉन्फ डंप' ही कमांड तिथला मजकूर एका साध्या फाइलीत उतरवून देते, आणि काही बिनसलं तर 'डीकॉन्फ लोड' तो परत भरते. इंग्रजी लिपीत कसं टाइप करायचं ते पडद्यावर दिसतंय. तेही जमत नसेल तर निदान मोबाइलवर पॅनेलचा फोटो काढून ठेवा.

पहिला प्रश्न: वस्तू फक्त पट्टीवरून उतरली आहे का? दहातल्या बहुतेक वेळा एवढंच असतं. चुकून राइट क्लिक होतं, 'काढा'वर बोट पडतं. नव्या इन्स्टॉलमध्ये तर ती बसवलेलीच नसते. पॅनेलच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा, 'पॅनेलमध्ये जोडा' निवडा, यादीत 'फिश' शोधा आणि 'जोडा' म्हणा. काकांच्या मशीनवर उपाय एवढाच होता. इथे 'रिकाम्या जागेवर' हा शब्द महत्त्वाचा आहे. एखाद्या चिन्हावर क्लिक केलंत तर त्या चिन्हाचा मेनू उघडतो आणि माणूस गोंधळतो. जीनोम फ्लॅशबॅक वापरत असाल तर ऑल्ट दाबून धरून राइट क्लिक करावं लागतं.

दुसरा प्रश्न: यादीतच नाही, तर पॅकेज आहे का? माटेत मासा पॅनेलच्याच पॅकेजमध्ये असतो. पण माउसच्या मागे फिरणारे ते दोन डोळे आहेत ना, ते 'माटे-ॲप्लेट्स' या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. एक्सएफसीई डेस्कटॉपवर त्यांचं पॅकेज 'एक्सएफसीई-फोर-आइज-प्लगिन'. सिनॅप्टिकमध्ये शोधून टाका, लॉग आउट करून परत या, आणि पुन्हा यादी बघा.

तिसरा प्रश्न: खुंटी आहे का? म्हणजे, तुम्ही नक्की कुठल्या डेस्कटॉपमध्ये आहात? एकाच मशीनवर जीनोम आणि माटे दोन्ही असू शकतात. लॉगिनच्या पडद्यावर सेशन निवडायची सोय असते, तिथे माटे निवडा. जीनोम शेलमध्येच राहायचं असेल तर ॲप्लेट नाही, एक्स्टेन्शन शोधावं लागतं. एक्स्टेन्शन शेलच्या कुठल्या आवृत्त्यांवर चालतं, हे त्याच्या आतच नोंदलेलं असतं. म्हणून अपग्रेड झाल्यावर ती अचानक बंद पडतात. केडीई प्लाझ्मावाल्यांनाही असाच अनुभव आला. २०२४ मध्ये सहावी आवृत्ती आली, तेव्हा बाहेरून घेतलेली पाचव्या आवृत्तीची विजेट नव्यानं जुळवून घ्यावी लागली.

चौथा प्रश्न: वस्तू दिसते, पण काम करत नाही? काकांचा मासा आला खरा, पण मुका. कारण ती वचनं माशाची नसतातच. ती फॉर्च्यून नावाच्या प्रोग्रामची असतात. हा प्रोग्राम युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत होता, म्हणजे माशापेक्षा बराच वडीलधारा. डेबियन आणि उबंटूमध्ये त्याचं पॅकेज 'फॉर्च्यून-मॉड'. ते टाकलं आणि मासा बोलू लागला.

डोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. ते दिसतात, पण एकाच जागी टक लावून बसतात. हे डोळे १९८८ पासूनच्या एक्सआइज या प्रोग्रामच्या वंशातले. एक्स-इलेव्हन या जुन्या पद्धतीत माउस कुठे आहे, हे कुठलाही प्रोग्राम केव्हाही विचारू शकत असे. वेलँड या नव्या पद्धतीत ते सुरक्षेसाठी बंद केलं आहे. माउस स्वतःच्या खिडकीवर असेल तेवढंच प्रोग्रामला कळतं. म्हणजे डोळे बिघडलेले नाहीत, त्यांना दिसतच नाही. लॉगिनच्या वेळी एक्स-इलेव्हनचं सेशन मिळत असेल तर ते घ्या. नसेल तर हा बदल आपल्या भल्यासाठी आहे, असं समजून सोडून द्या. कुठलाही प्रोग्राम आपल्यावर सतत नजर ठेवू शकतो, ही गोष्ट डोळ्यांपुरती गमतीची होती, एरवी नव्हती.

रीसेट शेवटी, आणि तोही प्रत घेतल्यावरच.

आता काकांचं उरलेलं. मासा बोलू लागला, पण इंग्रजीत. ते म्हणाले, "नातीला मराठी शिकवायचंय हो." हेही सोपं निघालं. एका साध्या फाइलीत म्हणी लिहायच्या, दोन म्हणींच्या मधल्या ओळीत फक्त % हे चिन्ह द्यायचं. मग 'स्ट्रफाइल' ही कमांड त्या फाइलीवर चालवायची, ती एक सूची तयार करते. शेवटी माशाच्या सेटिंगमधल्या कमांडमध्ये फॉर्च्यूनपुढे त्या फाइलीचा पूर्ण पत्ता लिहायचा. फाइलीचं नाव इंग्रजीत ठेवा, आतला मजकूर खुशाल मराठीत. काकांनी दोन आठवड्यांत शंभरावर म्हणी स्वतः टाइप केल्या. जो माणूस वर्ग सोडणार होता, त्याचा मराठी टायपिंगचा हात आज वर्गात सगळ्यांत चांगला आहे.

तेव्हा पुढे कुणी तुमच्याकडे 'फालतू प्रश्न आहे' म्हणत आलं, तर आधी कमांड चालवू नका. आधी विचारा, काय हरवलं आणि ते कशासाठी लागत होतं. माशाचा उपयोग नाही, हे माशाच्या माहितीत लिहिलेलं आहे. तो कुणाला हवा आहे हे तिथे लिहिलेलं नसतं, ते समोरच्या माणसालाच विचारावं लागतं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढे या, पण त्याआधी पॅनेलचा फोटो काढा.