कुत्रं मागं लागल्याशिवाय

सोनईत धडधाकट माणूस पळताना दिसला की कारणं तीनच असतात: एसटी सुटली, कुत्रं मागं लागलं, नाहीतर पोलीस भरती निघाली. मी 44 वर्षांचा, पोट सुटलेला, खता-औषधांचा दुकानदार. भरतीचं वय कधीच उलटलेलं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात लोकांनी माझ्या मागं कुत्रं शोधलं. दुसऱ्या आठवड्यात शनिवारी पहाटे शिंगणापूरच्या रस्त्यानं पळत होतो, तर एका दूधवाल्यानं गाडी हळू केली, कॅनचा खडखडाट थांबवला आणि अदबीनं विचारलं, "किती शनिवारांचा नवस हाय, मालक?"

कारण अगदी साधं होतं. साखर कारखान्याच्या गावात राहून माझ्या रक्तातली साखर वाढली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता पळायला लागलो, आणि दोन वर्षांनी जानेवारीतल्या एका रविवारी मुंबईत 42 किलोमीटर पळून आलो. मधल्या काळात दुकानापुढच्या बाकड्यावर माझ्या पळण्याची रोज सुनावणी व्हायची. युरियाची गाडी येईपर्यंत माणसं तिथं बसतात आणि बसल्या बसल्या निकाल देतात. त्यातले काही निकाल निव्वळ चुकीचे, काही अर्धे बरोबर, आणि एकानं तर माझी झोप उडवली.

"मॅरेथॉन काय, मागल्या जयंतीला आमचा नातूबी पळला."

इथं बाकड्याचा दोष नाही, फ्लेक्सचा आहे. आपल्याकडे 'भव्य मॅरेथॉन स्पर्धा' असं ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरात 'मुले 5 कि.मी., मुली 3 कि.मी.' असतं. मॅरेथॉन एकच: 42 किलोमीटर 195 मीटर. सोनईहून घोडेगावमार्गे नगर गाठायचं, तर साधारण तेवढं होईल. वरचे ते 195 मीटरही हौसेनं ठेवलेले नाहीत. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या सज्जापर्यंत अंतर आखलं, ते तेवढं भरलं, आणि 1921मध्ये तेच कायम झालं. राजाच्या सोयीचे ते मीटर आजही सगळ्या जगाला पळावे लागतात. शेवटाला ते जड जातात, हे अनुभवानं सांगतो.

गंमत अशी, की आपल्या ग्रामीण भागात 'मॅरेथॉन' म्हटल्यावर जी गोष्ट आठवते, ती बारामतीच्या लता भगवान करे यांची. 2013मध्ये नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळाली आणि पहिली आली. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. ती ज्येष्ठांच्या गटातली छोटी शर्यत होती. म्हणून ती लहान ठरत नाही. फक्त तिला मॅरेथॉन म्हणायचं की नाही, एवढाच मुद्दा. मी तरी त्यांच्यासमोर तो काढणार नाही.

"ज्यानं पहिली मॅरेथॉन पळली, तो मेलाच की!"

हे बाकड्यावरच्या शिकलेल्या गड्याचं. ग्रीसचा तो निरोप्या मॅरेथॉनच्या लढाईतून अथेन्सला पळत आला, 'जिंकलो' म्हणाला आणि कोसळला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्या लढाईच्या सर्वांत जवळच्या काळात लिहिणाऱ्या हेरोडोटसकडे ती नाहीच. त्याचा निरोप्या मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला जातो, म्हणजे 200 किलोमीटरच्या वर, आणि मरत नाही. मरणाचा प्रसंग नंतरच्या लेखकांनी, शेकडो वर्षांनी घातला.

आता खरंच किती मरतात? अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्ध्या मॅरेथॉन मोजल्या, तेव्हा 1 कोटी 9 लाख धावकांमध्ये 59 जणांचं हृदय बंद पडलं, त्यातले 42 दगावले. आकडा लहान आहे, पण शून्य नाही. आणि त्यात बहुतेक पुरुष. म्हणून चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यानं आधी नगरला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्यावी. मी केली. डॉक्टर म्हणाले, पळा. पण दुकानात बसून भजी खाणं बंद करा. पहिलं जमलं.

"गुडघ्यातलं वंगण संपतंय बघ."

हा निकाल सगळ्यांत जास्त वेळा ऐकला, आणि देणारे सगळे स्वतः गुडघे धरून उठणारे. त्यांच्या डोक्यात ट्रॅक्टर असतो: जितके तास चालवाल तितकी झीज. पण गुडघा लोखंडाचा नाही. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. ती दाबली जाते, सुटते, आणि स्पंजासारखी आसपासच्या द्रवातून रस ओढून घेते. म्हणजे वापरणं हाच तिचा खुराक. 2017मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेनं पळणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात साडेतीन टक्के लोकांत निघाला आणि बैठं आयुष्य काढणाऱ्यांत 10.2 टक्के. बाकडं इथं हरलं. पण त्याच अभ्यासात तिसरा आकडा आहे आणि तो सांगायला पळणारे विसरतात: स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांत 13.3 टक्के. म्हणजे अति झालं की बाकड्याचंच खरं.

माझे गुडघे शाबूत राहिले, गेली ती नखं. नवे बूट नेमक्या मापाचे घेतले, पुढं अंगठ्याला जागा ठेवली नाही; 20 किलोमीटरनंतर दोन्ही अंगठे जांभळासारखे काळे. आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: घामानं ओला बनियन छातीवर तासन् तास घासला की छातीची टोकं सोलून निघतात. पांढऱ्या शर्टावर दोन लाल ओघळ घेऊन घरी आलो, तर बायकोनं आधी मला खुर्चीत बसवलं, मग दिराला फोन लावला. एक रुपयाचं व्हॅसलीन लावलं असतं तर हा तमाशा टळला असता.

बुटांवरून आठवलं. 'अनवाणी पळावं, आपले जुने लोक अनवाणीच पळायचे' हाही एक निकाल आहे. पळायचे, हे खरं. 1919मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तिथली मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटांत पुरी करून एकोणिसावे आले. ती मॅरेथॉन ऑलिंपिकमधली सर्वांत लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती, आणि त्या दिवशी पाऊस होता. जालंधरला 1978मध्ये 2 तास 12 मिनिटांची वेळ देणारे शिवनाथ सिंगही अनवाणी धावण्यासाठीच प्रसिद्ध. पण त्यांचे तळवे लहानपणापासून तयार झालेले होते. माझे चाळीस वर्षं चपलेत वाढलेले. बाभळीचा एक काटा पुरेसा होतो.

बायकांबद्दलचा निकाल थोडक्यात उरकतो, कारण तो तेवढ्याच लायकीचा आहे. बायकांना लांबचं अंतर झेपत नाही असं पुढारलेले देशही मानत होते. ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅरेथॉन 1984पर्यंत नव्हतीच. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांचं पहिलं स्थान सलग तीनदा घेतलं. बाकड्यानं त्यावर चहा मागवला आणि विषय बदलला.

"दिवसभर रानात राबतो ते काय कमी हाय? हे पैसेवाल्यांचे चाळे."

झोप उडवणारा निकाल हा.

गळीत हंगामात पहाटे पाचला निघालो की कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड्यांच्या कोप्या लागतात. मी बॅटरी घेऊन, चमकत्या पट्ट्यांचा शर्ट घालून पळत असतो, तेव्हा तिथल्या बाया चुलीवर भाकरी थापत असतात आणि थोड्या वेळात फडात जायच्या असतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तोडायचं, बांधायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एकदा एका बाईनं तवा उतरवता उतरवता विचारलं, "कुठं चाललाव, दादा, एवढ्या घाईनं?" मी म्हणालो, "कुठं नाही, परत इथंच यायचंय." ती नवऱ्याकडं बघून हसली. ते हसणं मला पुढचे पाच किलोमीटर पुरलं.

मग मी वाचायला लागलो. डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या एक लाखावर लोकांची माहिती तपासून 2021मध्ये एक अभ्यास आला. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांचा मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका कमी दिसला. कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांचा मात्र जास्त. अभ्यासकांचं म्हणणं असं, की पळणारा अर्धा-पाऊण तास जोर लावतो आणि मग विसावतो. मजूर आठ-दहा तास ओझं वाहतो, थांबायचं कधी हे त्याच्या हातात नसतं, आणि शरीर सावरायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे राबणं आणि व्यायाम एक नव्हे, हे बाकड्याला सांगता येतं. पण 'पैसेवाल्यांचे चाळे' या अर्ध्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. दमण्यासाठी वेळ काढता येणं, ही चैनच आहे. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला सहा-सहा किलोमीटर जायचा, कारण दुसरी सोय नव्हती. पुढं सैन्यात गेला, आणि 2020मध्ये दिल्लीत अर्धी मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पळणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याचं पळणं चाळा नव्हतं. इथं भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणाऱ्या पोरांचंही नाही. ती माझ्या पुढं सपासप निघून जातात, आणि त्यांच्यापुढं नोकरी असते. माझ्यापुढं नुसता रस्ता.

"पाणी पीत राहा, जेवढं जास्त तेवढं चांगलं."

हा सल्ला मायेनं दिला जातो, म्हणून जास्त धोक्याचा. घामातून मीठ जातं. वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. गरगरतं, उलटी येते, आणि फार झालं तर मेंदूला सूज येऊन माणूस जातो. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावकांचं रक्त तपासलं, तर 13 टक्क्यांचं सोडियम खाली गेलेलं होतं. तहान लागली की प्यावं, लांब पल्ल्याला पाण्यात मीठ-साखर असावी. आमच्याकडे त्याची सोय रस्त्यावरच आहे: शिंगणापूरच्या वाटेवरच्या रसवंत्या, बैलानं फिरवायचा लाकडी घाणा, रसात आलं-लिंबू आणि मीठ. रक्तात साखर वाढलेल्या माणसानं तिथं थांबावं का, हा वेगळा प्रश्न. मी लांबच्या रविवारीच थांबतो आणि घरी सांगत नाही.

"मनात आणलं की माणूस कितीबी पळतो."

तिसाव्या किलोमीटरपर्यंत मीही हेच मानत होतो. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, असते साधारण 400 ते 500 ग्रॅम. त्यातून दोनेक हजार कॅलरी मिळतात. माझ्या वजनाच्या माणसाला 42 किलोमीटरला तीन हजारांच्या आसपास लागतात. बाकीचं चरबीतून यायचं, पण चरबी ओल्या लाकडासारखी, सावकाश पेटते. त्यामुळे तीस-बत्तीसच्या पुढं टाकी कोरडी होते, आणि नेमका त्याच सुमाराला मुंबईत पेडर रोडचा चढ येतो. माझे पाय माझे राहिले नाहीत. मांड्या ओल्या गोणीसारख्या जड. डोळ्यांत पाणी का येतंय, कळेना. रस्त्याच्या कडेला नाइट गाऊनवर शाल घेतलेल्या एक आजी स्टीलच्या ताटलीत चिक्कीचे तुकडे घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "घे रे, आणि चाल. चाललं तरी चालतं." मी चिक्की तोंडात धरून चढ चालत चढलो. साडेपाच तासांच्या थोडं आत पोचलो. मनाचा वाटा होता, नाही कसा. पण शेंगदाणे आणि गूळ यांचा जास्त.

"हे व्यसन हाय. दारूसारखं."

बायकोचा निकाल. मुंबईहून आलो तेव्हा जिना उलटा, कठडा धरून उतरत होतो आणि पुन्हा या वाटेला जाणार नाही अशी शपथ घेतली होती. ते पायदुखणं लॅक्टिक ॲसिड साठल्यानं होतं म्हणतात. तेही खरं नाही, ते तास-दीड तासात ओसरतं. दुखतात स्नायूंतल्या बारीक इजा, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त बोलतात. चौथ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली, आणि अंथरुणात पडल्या पडल्या चुळबुळ सुरू झाली. कोप्यांचा धूर आता रस्त्यावर पसरला असेल, असं डोक्यात आलं.

पळताना मेंदूत एन्डॉर्फिन सुटतं आणि त्याची नशा चढते, असं सगळे सांगतात. पण रक्तातलं एन्डॉर्फिन मेंदूत सहजी शिरतच नाही. हॅम्बुर्गमध्ये धावकांना अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध देऊन पळवलं, तरी त्यांना तो हलकेपणा आलाच. संशय आहे तो दुसऱ्याच द्रव्यावर, शरीर स्वतः बनवतं त्या गांजाच्या भावंडावर. 1992मध्ये ते शोधणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद'वरून. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गांजाच ना?"

व्यसन म्हणा, मी नाद म्हणतो. तो दररोज सुखाचा नसतो. दहापैकी सहा दिवस नुसता दम लागतो आणि मळीचा वास येतो. उरलेल्या चार दिवसांत कधीतरी, कालव्याच्या पुढं, श्वास आणि पाय एका चालीत पडतात आणि थोडा वेळ मी कोण, दुकानाची उधारी किती, हे आठवत नाही.

परवा शनिवार होता. तोच दूधवाला, तेच कॅन. गाडी हळू करून म्हणाला, "अजून फिटला नाय का नवस?"

"नाही," मी म्हणालो, "वाढवून घेतलाय."