कानबाईचा चौरंग

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या शिरपुरात घरोघर कानबाई बसते आणि त्या दिवशी आमच्या माळ्यावरचा जुना सागवानी चौरंग खाली उतरतो. वडिलोपार्जित घरातल्या सुतारकामापैकी एवढाच काय तो आमच्याकडे उरला आहे. बाकीचे सारे आम्हीच विकले.

घर धाब्याचे होते. सातपुड्याच्या सागाचे खांब, कोरीव दारचौकट, भिंतीतली फडताळे. स्लॅबचे घर बांधायचे ठरले तेव्हा जुने लाकूड घेणारा एक व्यापारी आला आणि सरसकट एकच भाव सांगून मोकळा झाला. कोरीव चौकट आणि साधी तुळई यांत त्याने भेद केला नाही. आणि वर्गात सौंदर्यदृष्टीवर तासन्‌तास बोलणाऱ्या मीही केला नाही!

याची टोचणी लागली ती पुढे एका पुस्तकात स्वीडनमधल्या दालार्ना प्रांताची चित्रे पाहिल्यावर. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची साठ-सत्तर वर्षे तिथले शेतकरी-चितारी गावोगाव हिंडून लोकांच्या भिंती, कपाटे आणि पेट्या रंगवीत. त्यांच्या फुलोऱ्याला ‘कुर्बिट्स’ म्हणतात. नाव बायबलातल्या योनाच्या भोपळ्याच्या वेलावरून पडले. पाइनच्या साध्या लाकडाला रंगाने श्रीमंती आणायची, असा तो प्रकार. पुष्कळ पेट्यांवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे आणि सालही घातलेले दिसते. आपल्या सागाला रंगाची गरज नव्हती. त्याच्या रेषाच देखण्या. सुताराने कोरीवकाम तेवढे करायचे.

हे सारे मोडीत निघणार, हे तिकडे आर्थर हाझेलियस यांनी वेळीच ओळखले. त्यांनी 1873 साली स्टॉकहोममध्ये आपला संग्रह लोकांना खुला केला आणि 1891 साली ‘स्कान्सेन’ येथे खेड्यांतली घरेच्या घरे आणून उभी केली. आपल्याकडेही असा एक वेडा माणूस झाला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे डॉ. दिनकर गंगाधर केळकर 1920 च्या सुमारास दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे जमवू लागले आणि 1975 साली त्यांनी तो सारा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. पुण्यातले ते संग्रहालय त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने आहे. तिथल्या दारांपुढे मी फार वेळ उभा राहू शकत नाही.

त्या चौकटी घडविणारा माणूस म्हणजे गावचा बलुतेदार. तिफण, वखर, बैलगाडी ही त्याची रोजची कामे. त्याबद्दल खळ्यावर धान्य मिळे. ज्या वाकसाने औत तासायचे, त्याच वाकसाने चौरंगाचा पाय. नाव कोरायचे त्याला कारणच नव्हते. सारा गाव त्याला ओळखत होता.

गेल्या वर्षी चौरंगाचा पाय डुगडुगू लागला. दुकानातला तरुण कारागीर स्क्रू मारायला निघाला, तोच मागे बसलेल्या म्हाताऱ्या सुताराने त्याचा हात धरला. लाकडी खुंटी हलकेच ठोकून काढून त्याने पाय वेगळा केला. आत खाचेत खाच बसलेली. लोखंडाचा तुकडा नाही. नवी खुंटी तासता तासता त्याने विचारले, ‘‘कोणाच्या हातचं काम हे, सर?’’

मी घरी येऊन आईला विचारले. ती बराच वेळ आठवत राहिली.

‘‘आपलाच सुतार व्हता ना तो,’’ ती म्हणाली.