वाळूच्या कणात परार्ध

डहाणूजवळ मसोलीला आत्याकडे गेलो होतो. तिच्या नऊ वर्षांच्या नातवानं एक बिघडलेला स्पीकर फोडून त्यातली चुंबकाची चकती काढली होती आणि ती सुतळीला बांधून तो डहाणूच्या किनाऱ्यावर ओढत चालला होता. शंभरेक पावलांत चकतीला काळ्याभोर मिशा फुटल्या. “काका, वाळूत लोखंड कुठनं आलं?”

लोखंड नव्हे, लोखंडाचा ऑक्साइड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा ओतला गेला, त्याचा काळा पाषाण झाला, आणि तो झिजून पावसाबरोबर समुद्राकडे आला. त्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं, तेही टायटेनियम मिसळलेलं. या कणांची स्मरणशक्ती दांडगी. लाव्हा निवताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जसं होतं, त्याची नोंद त्यांनी अजून धरून ठेवली आहे. 1950च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती वगैरे मंडळींनी दख्खनच्या दगडांतली ही नोंद वाचली. लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, असं ते दगड सांगतात.

पोराच्या हातातली चकतीही ऑक्साइडचीच होती. स्पीकरमधल्या साध्या काळ्या चुंबकात बेरियमच्या किंवा स्ट्रॉन्शियमच्या एका अणूमागे लोखंडाचे बारा असतात. म्हणजे ऑक्साइड चुंबक असू शकतो यात नवल नाही, त्यात लोखंड खच्चून भरलेलं असलं की झालं. नवल पुढे आहे. वाळूच्या कणात लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये टायटेनियमची भेसळ असते, आणि ती जितकी वाढते तितकं चुंबकत्व उतरतं. आता हेच उलटं करा. पांढऱ्या रंगाच्या डब्यात असतो तो टायटेनियमचा ऑक्साइड घ्या, कॅलामाइनमधला जस्ताचा घ्या, नाहीतर कथलाचा घ्या. तिन्ही अर्धवाहक, पातळ थर केला तर काचेसारखे पारदर्शक, आणि चुंबकाशी कसलंही देणंघेणं नसलेले. त्यात शंभरामागे पाच अणू कोबाल्टचे किंवा मँगनीजचे घाला. हा चुंबक होईल का, आणि तोही भर उन्हाळ्याच्या दुपारी?

हा प्रश्न किती उद्धट आहे ते कळायला एक हिशेब करावा लागतो. इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक आहे आणि त्याच्या ताकदीचं माप म्हणजे बोर मॅग्नेटॉन. असे दोन इवले चुंबक अणू-अणूच्या अंतरावर शेजारी ठेवले, तर त्यांची निव्वळ चुंबकी ओढ किती? इतकी कमी, की निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा पन्नासावा भाग तापवलं तरी उष्णतेच्या हलकल्लोळात ती विस्कटावी. तरीही साधं लोखंड 770 अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतं. फरक चाळीस-पन्नास हजार पटींचा! याचा अर्थ चुंबक चुंबकाला ओढतो म्हणून लोखंड चुंबक होत नाही. शेजारच्या अणूंतले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जागेत घुसू पाहतात, दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा निसर्गाचा कडक नियम आड येतो, आणि त्या विजेच्या भांडणातून एका दिशेला तोंड करण्याची सक्ती निघते. ही सक्ती फार आखूड हाताची. शेजाऱ्यापर्यंत पोचते, पलीकडच्या घरापर्यंत जेमतेम.

आता डहाणूची चिकूची वाडी डोळ्यांपुढे आणा. दर वीस झाडांत एक आंबा, कुठंही, कसाही लावलेला. आंब्याचा निरोप फक्त लगतच्या आंब्यालाच जातो अशी अट घातली, तर निरोप वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल? कथलाच्या ऑक्साइडमध्ये कथलाच्या प्रत्येक अणूला कथलाचेच दहा जवळचे शेजारी असतात. पाच टक्के कोबाल्ट सरमिसळ घातला, तर 0.95 चा दहावा घात काढायचा, उत्तर 0.60. शंभरातल्या साठ कोबाल्टना शेजारी एकही कोबाल्ट नाही. घन पदार्थात निरोप सलग पोचायला मांडणीनुसार साधारण 20 ते 30 टक्के कोबाल्ट लागतो. आपण घातला पाच. गणित सरळ सांगतं की हे व्हायचं नाही.

आणि तरी झालं, निदान तसं दिसलं. 2000 साली पोलंडच्या टोमाझ डीटल यांनी सहकाऱ्यांसह भाकीत केलं की जस्ताच्या ऑक्साइडमध्ये पाच टक्के मँगनीज आणि पुरेसे धनभार असतील, तर तो खोलीच्या तापमानालाही चुंबक राहील. 2001मध्ये जपानी गटानं कोबाल्ट घातलेला टायटेनियमचा ऑक्साइड पारदर्शक आणि खोलीच्या तापमानाला चुंबक असल्याचं जाहीर केलं. मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. जुन्या, खात्रीच्या चुंबकी अर्धवाहकाला, म्हणजे मँगनीज घातलेल्या गॅलियम आर्सेनाइडला, तेव्हा उणे दीडशे अंशांच्या वर चुंबकत्व टिकवता येत नव्हतं. इथं तर पंखाही लावायला नको.

त्या झुंबडीत आपली माणसं होती. पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवलेले सतीशचंद्र ओगले तेव्हा अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात होते. 2003मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कथलाच्या ऑक्साइडचा थर नीलमाच्या पट्टीवर लेझरनं चढवला, पाच टक्के कोबाल्टसह. तो पारदर्शक होता, आणि चुंबकत्व टिकलं सुमारे 650 केल्व्हिनपर्यंत, म्हणजे 377 अंश सेल्सिअस. शिसं 327 अंशांलाच वितळतं. पण खरा धक्का दुसऱ्या आकड्याचा होता. दर कोबाल्टमागे साडेसात बोर मॅग्नेटॉन, अर्धा इकडे तिकडे. धातूच्या कोबाल्टमध्ये दर अणूमागे 1.7 असतात, लोखंडात 2.2. एकट्यादुकट्या कोबाल्ट आयनाचे, इलेक्ट्रॉनांच्या फिरकीपोटी (स्पिन), तीन. साडेसात आणायचे कुठून?

हा आकडा पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो. कोबाल्ट विखुरलेला नाहीच, त्याच्या बारीक गाठी झाल्या आहेत, असा आक्षेप कोणी घेतला, तर ओगल्यांचा आकडाच उत्तर देतो. सगळाच्या सगळा कोबाल्ट गाठींत गेला तरी 1.7च्या वर जाता येणार नाही. मग उरलेलं चुंबकत्व यजमान ऑक्साइडच्याच अंगातून यायला हवं, ऑक्सिजन निसटून पडलेल्या रिकाम्या जागांतून. तशी एक कल्पना डब्लिनच्या मायकेल कोई यांनी 2005मध्ये मांडली. रिकाम्या जागेभोवती एक इलेक्ट्रॉन मोकळा घुटमळतो, त्याचा पसारा जस्ताच्या ऑक्साइडमध्ये सुमारे पाऊण नॅनोमीटर त्रिज्येचा. एवढ्या गोळ्यात जस्ताच्या पाऊणशे जागा येतात, पाच टक्क्यांनी चार कोबाल्ट. चार अनोळखी माणसांना एका धाग्यात ओवणारा एक इलेक्ट्रॉन. असे गोळे एकमेकांना भिडले की वाडीभर निरोप फिरला.

कल्पना मला आजही सुंदर वाटते. अडचण मोजमापात आहे, आणि ती कळायला मसोलीच्या वाळूकडे परत यावं लागतं.

प्रयोगशाळेतला असा एक नमुना समजा: पाच मिलिमीटर लांब, पाच रुंद, शंभर नॅनोमीटर जाड. केसाच्या जाडीत असे सातशे थर मावतील. त्यात कथलाच्या जागा किती? आपल्या जुन्या पाढ्यात दशकोटीनंतर अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध अशी पायरी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ती आहे आणि परार्ध हे तिचं टोक, एकावर सतरा शून्यं. शाळेत ही नावं पाठ करताना वाटायचं, एवढं मोजायचं कोणी आणि काय? हे घ्या: आपल्या थरात कथलाच्या जागा जवळजवळ सात मध्य, आणि कोबाल्टचे अणू साडेतीन अंत्य. दर सेकंदाला एक या वेगानं हे कोबाल्ट मोजायला घेतले तर अकरा कोटी वर्षं लागतील. दख्खनचा लाव्हा वाहिला त्या दिवशी सुरुवात केली असती, तर आज जेमतेम साठ टक्के मोजून झाले असते.

इतके अणू, आणि वजन? एका ग्रॅमच्या दहा लाखांश भागाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. दर अणूला साडेसात मॅग्नेटॉन दिले तरी साऱ्या थराची बेरीज होते सुमारे अडीच मध्य. आता पोराच्या चकतीवरचा एक काळा कण घ्या, व्यास 0.2 मिलिमीटर. तो शुद्ध मॅग्नेटाइटचा असेल तर पूर्ण चुंबकित झाल्यावर त्यात दोन परार्धांहून जास्त मॅग्नेटॉन एका दिशेला तोंड करतात. आपल्या कणात टायटेनियम आहे म्हणून निम्मे धरा, तरी जगभर गाजलेल्या त्या आकड्याच्या थराला एक कण चारदा विकत घेईल. आणि चकतीवर असे कण शेकड्यांनी होते.

म्हणून या शास्त्राची खरी लढाई चुंबक बनवण्याची नाही, धुळीशी आहे. भेसळ दोन प्रकारची असते, सांगून केलेली आणि न सांगता झालेली. वरच्या थराइतकं चुंबकत्व द्यायला लोखंडाचा केवढा कण लागेल? पासष्ट मायक्रॉनचा, एका केसाच्या जाडीहून बारीक. बरं, मोजणारं यंत्र इतकं तिखट, की लोखंडाचा दोन मायक्रॉनचा कणही त्याला दिसतो. द्रव हेलियमच्या थंडीत चालणारं हे स्क्विड मॅग्नेटोमीटर काय दिसलं ते सांगतं, कुठून आलं ते सांगत नाही. त्यात थराखालची पट्टी थराच्या पाच हजार पट जाड. नीलम चुंबकाला किंचित विरोध करतो. हा विरोध अणूमागे नगण्य, पण पट्टी एवढी मोठी की एक टेस्लाच्या क्षेत्रात तो थराच्या संकेताच्या जवळपास जातो, उलट चिन्हानं. तो वजा करायचा आणि उरलं त्याला चुंबकत्व म्हणायचं. किराणा दुकानात पोत्यासकट तोलून पोत्याचं वजन वजा करतात तसं. फक्त इथं माल पोत्याच्या पाच-हजारांश आहे.

2004मध्ये डब्लिनच्या गटानं हॅफनियमच्या ऑक्साइडमध्ये, कसलीही भेसळ न घालता, चुंबकत्व दिसल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या डेव्हिड अब्राहम आणि सहकाऱ्यांनी तसेच थर तपासले आणि त्यांना ते मिळालं नाही. मात्र नमुना स्टीलच्या चिमट्यानं उचलला की संकेत हजर! चिमट्याच्या टोकाचा ओरखडा पुरेसा होता. मला वाटतं, पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगावी अशी ही गोष्ट आहे.

मेरिलँडच्या थरात धूळ होती असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला मजकडे आधार नाही. उलट त्या गटाचं मला मोठं वाटतं ते दुसऱ्याच कारणानं. चुंबकत्व खरंच साऱ्या पदार्थात भिनलं आहे याचा पुरावा म्हणून वाहत्या विजेवरचा एक विशेष परिणाम, असंगत हॉल परिणाम, मानला जात होता. 2004मध्ये शिंदे, ओगले, कुलकर्णी, वेंकटेशन आणि इतरांनी कोबाल्ट घातलेल्या टायटेनियमच्या ऑक्साइडमध्ये तो परिणाम दाखवला, आणि त्याच थरात आठ-दहा नॅनोमीटरच्या कोबाल्टच्या गाठीही दाखवल्या. एकेका गाठीत वीस ते पन्नास हजार अणू. म्हणजे ज्या दाखल्यावर सगळे विसंबून होते, तो गाठी असतानाही मिळतो. ज्यांनी शर्यतीत एवढा मोठा आकडा मांडला, त्यांनीच मोजपट्टीतली खोट दाखवली.

ओगले पुढे पुण्याला परतले, आधी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि नंतर आयसरमध्ये. 2010मध्ये त्यांनी या सगळ्या विषयाचा लांबलचक आढावा लिहिला. त्याच्या शीर्षकात भेसळीच्या जोडीला दोषही आहेत. दोष म्हणजे स्फटिकातल्या चुका, रिकाम्या जागा. एकाच नावाचा पदार्थ एका प्रयोगशाळेत चुंबक असतो आणि दुसरीत नसतो, याचं बरंचसं उत्तर त्या चुकांत आहे. माझं मत विचाराल तर सरमिसळ पसरलेल्या पाच टक्के कोबाल्टमुळे साधं, सरळ लोहचुंबकत्व येतं हा दावा फारसा उरलेला नाही. उरलेलं काम गाठी, रिकाम्या जागा आणि पृष्ठभाग यांचं आहे. तेही कमी रंजक नाही, पण 2001मध्ये जे स्वप्न विकलं गेलं ते हे नव्हे.

आत्याच्या नातवाला यातलं पाचही टक्के सांगितलं नाही. त्याची चकती मात्र कामातून गेली होती. कण पुसून जात नाहीत, धुऊन जात नाहीत, नखानं खरवडले की पुन्हा जाऊन चिकटतात. तुम्ही डहाणूला गेलात आणि हा खेळ करावासा वाटला, तर चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पिशवी उलटी केली की कण गळून पडतात आणि चुंबक स्वच्छ राहतो. प्रयोगशाळांनीही स्टीलचे चिमटे टाकून प्लास्टिकचे घेतले, ते याच कारणानं.