मागच्यांना विचारलंत का?

पेणच्या स्टँडवर गाडी फलाटाला पुरती लागलेली नसते, तोच खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, टोप्या आत पडायला लागतात. बाहेरगावच्या माणसाला ही नुसती झुंबड वाटते, पण जरा थांबून बघितलं तर त्यातही कायदा आहे. रुमाल पडला की ती सीट रुमालवाल्याची. मागून चढलेला माणूस कितीही दमलेला असला तरी रुमाल उचलून भिरकावत नाही, ‘इथे कोणी आहे का?’ म्हणून विचारतो. कंडक्टरने घंटी मारली आणि रुमालाचा मालक आलाच नाही, तर मात्र हक्क संपला. हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी सगळे पाळतात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं आणि या रुमालांत बायकांचे रुमाल वाढले. मला त्याचा आनंदच आहे.

माझं माहेर पेण, सासर रोहा. माझ्या लहानपणी रॉकेलच्या दुकानापुढे माणसांआधी डबे उभे असायचे. पहाटे डबा ठेवायचा, त्याच्यावर खुणेचा दगड ठेवायचा आणि घरी येऊन पाणी भरायचं. शेजारच्या काकू आमच्या डब्यावर नजर ठेवत, आम्ही त्यांच्या. पुढे कळलं की हे आपल्याकडचंच नाही. लिऑन मान नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली मेलबर्नच्या रांगांवर एक लेख लिहिला. तिथे फुटबॉलच्या अंतिम सामन्यांच्या तिकिटांसाठी लोक रात्ररात्र थांबत आणि जागा राखायला खोकी, घडीच्या खुर्च्या ठेवून जात. थोडा वेळ गेलेल्या माणसाची जागा बाकीचे मानत. कुणी फार वेळ फिरकलंच नाही, तर मानत नसत. आमच्या डब्यांचा नियम हाच होता.

तेव्हा अनोळखी माणसं एकत्र आली की स्वार्थ उसळतो, हे मला सरसकट पटत नाही. नोकरीत मी बरीच वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. आतून रांगेतले पहिले तीन-चार चेहरे दिसतात आणि बाजूने येणारे हात दिसतात. ‘ताई, नुसतं विचारायचंय.’ ‘मॅडम, सुट्टे पैसे आहेत माझ्याकडे.’ हा हात गुंडाचा कधीच नसायचा. तो असायचा नवऱ्याच्या मित्राचा, मुलाच्या मास्तरांचा, आळीतल्या भाऊंचा. उत्तर दिलं की त्या विचारण्याचं काम व्हायचं आणि काम झालं की पुढचा हात आत यायचा. त्या हाताकडे न बघता समोरच्याचं काम पूर्ण करणं याला फार बळ लागतं. आपल्या गावात तर जास्तच, कारण तोच माणूस संध्याकाळी देवळात भेटणार असतो.

मुंबईत रांग मोडणारा परका असतो, म्हणून त्याला ओरडता येतं. पेण-रोह्यासारख्या गावांत रांग मोडते ती आपुलकीने. पुढे उभा असलेला माणूस मागे वळतो, ओळखीचा चेहरा दिसतो आणि तो मनापासून म्हणतो, ‘अरे, तू कशाला मागे? ये ना इकडे.’ बोलावणाऱ्याला वाटतं, आपण चांगुलपणा केला. येणाऱ्यालाही तो घुसला असं वाटत नाही, त्याला तर बोलावलंय. पण हिशेब करून बघा. त्या पाहुण्याच्या कामाला पाच मिनिटं लागली आणि मागे वीस माणसं असली, तर प्रत्येकाची पाच म्हणजे शंभर मिनिटं गेली. बोलावणाऱ्याचं मात्र एकही मिनिट गेलं नाही, कारण तो आधी स्वतःचं काम उरकतो आणि मग मित्राला पुढे करतो. ज्यांच्या वेळेवर हा चांगुलपणा झाला, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मग ती वीस माणसं गप्प का बसतात? याचं उत्तर मला एका अमेरिकन प्रयोगात सापडलं. स्टॅनली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये, रेल्वेच्या तिकीटखिडकीसारख्या ठिकाणी, १२९ रांगांत मुद्दाम माणसं घुसवली. हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. एकटा माणूस तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये शिरला, तर साधारण निम्म्या रांगांत कुणीतरी हरकत घेतली. दोघं एकदम शिरले तेव्हा दहातल्या नऊ रांगांत हरकत आली. हरकत घेणारे बहुतेक मागचे होते, आणि त्यातही घुसणाऱ्याच्या लगेच मागचा जास्त. मग त्यांनी आणखी एक गंमत पाहिली. आपलीच दोन माणसं आधीपासून रांगेत उभी करून ठेवली आणि घुसणारा बरोबर त्यांच्या पुढे शिरला. ती दोघं काही बोलली नाहीत. आता हरकत शंभरात पाचांवर आली. लगेच मागचा गप्प, म्हणजे त्याची हरकत नाही, मग आपण कोण बोलणारे, असं त्याच्या मागचे सगळे धरून चालले.

मला हे वाचताना आमच्याकडची सगळी खिडक्या-दारं डोळ्यांपुढे आली. आपल्याकडे ती गप्प बसणारी माणसं कुणाला आणून उभी करावी लागत नाहीत. बोलावणारा मित्रच ते काम करतो. तो स्वतः हसत उभा असतो आणि त्याच्या मागच्याला वाटतं, हे आपसातलं आहे. तिसऱ्या-चौथ्याच्या कानावर तर काही जातच नाही. त्यांना फक्त एवढंच कळतं की रांग सरकत नाही.

याची किंमत कोण भरतं ते सांगते. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा दाखले आणि कागदपत्रं काढायला सगळीकडे बायकांची गर्दी झाली. अशाच एका कार्यालयाबाहेर मी उभी होते. पुढे एक कातकरी बाई होती, कडेवर पोर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. डोंगरपट्ट्यातल्या वाडीवरून उतरून ती आली होती. आम्हा बाकीच्यांना कुणी ना कुणी हाक मारणारं होतं. तिच्या पुढे बायका येत गेल्या, कुणाची जाऊ, कुणाची शेजारीण, आणि ती दर वेळी अर्धं पाऊल मागे सरली. कुणीही तिला ढकललं नाही, वाकडा शब्द बोललं नाही. दुपारच्या जेवणाला खिडकी बंद झाली तेव्हा ती जवळजवळ सकाळी होती तिथेच होती. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या रांगेत ज्याला ओळख नाही तो शेवटचाच राहतो. हा मला धक्काबुक्कीपेक्षा मोठा अन्याय वाटतो, कारण करणाऱ्यांपैकी कुणालाच तो केल्याचं कळत नाही.

टंचाईची रांग वेगळी असते, तिला मी एवढं कडक बोलणार नाही. पेणच्या खारेपाटात, वाशी-वढावच्या बाजूला, उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे, त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि इथे टँकरची वाट बघावी लागते. हंडे सकाळपासून शिस्तीत असतात. टँकरचा आवाज आला की मात्र शिस्त मोडते, कारण शेवटच्या हंड्यापर्यंत पाणी पुरेल याची खात्री कुणालाच नसते. तिथे पुढे धावणाऱ्या बाईला स्वार्थी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तत्काळ तिकिटाच्या खिडकीवरही तसंच. वातानुकूलित डब्यांचं दहाला सुरू होतं, बाकीचं अकराला, आणि गणपतीच्या दिवसांत पहिल्या काही माणसांनंतर हाती काही लागत नाही. म्हणून लोक स्वतःच कागदावर नावांची यादी करतात, रात्री अनोळखी माणसं एकमेकांची हजेरी घेतात. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्यात हे काही नवं नाही.

याच्या उलट पाटांचं बघा. आमच्याकडे गणपतीच्या कितीतरी आधी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात. पेणच्या कारखान्यांत, हमरापूर-जोह्याकडे, कुणाचा पाट, कोणती मूर्ती, किती उंच हे चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं असतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. बाहेर टेम्पो अडकलेले, वर पाऊस, लहान मुलं खांद्यावर. तरी माणसं एकमेकांना वाट देतात, दुसऱ्याची मूर्ती बाहेर येताना हात लावतात, डोक्यावर छत्री धरतात. आपला गणपती आपल्याच नावाने आत बसलाय, तो दुसरा कुणी नेणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हाही मी हेच बघते. पोलिसांची सलामी घेऊन ती गावात फिरते. आपल्या दारी ती येणारच, म्हणून लोक रांगोळी घालून वाट बघतात, तिला ओढत नाहीत. त्याच गावातली हीच माणसं खिडकीपुढे वेगळी वागतात. म्हणून मला स्वभावाला दोष देण्याआधी खिडकी बघावीशी वाटते. टोकन मिळतं का? जेवणाची सुट्टी केव्हा ते लिहिलंय का? आज किती जणांचं काम होईल, हे सकाळीच कुणी बाहेर येऊन सांगतं का? एवढं केलं तरी निम्मी ओढाताण थांबते, हे मी आत बसून पाहिलंय.

उरलेली निम्मी आपल्याकडे आहे. कुणाला खरंच पुढे जाऊ द्यायचं असेल तर साधा मार्ग आहे: आपली जागा त्याला द्यावी आणि आपण त्याच्या जागी, शेपटाला, जाऊन उभं राहावं. त्यात दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. ते जमणार नसेल तर मागच्यांना विचारावं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि कारण सांगावं. मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झेरॉक्सच्या मशिनपाशी पाच पानांसाठी नुसतं ‘मी आधी काढू का?’ विचारलं तर शंभरातली साठ माणसं हो म्हणाली, घाईत आहे असं कारण सांगितल्यावर चौऱ्याण्णव. कारण ऐकलं की माणसं बहुधा अडवत नाहीत.

बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. अलीकडेच रोह्यात एका खिडकीपुढे काठी टेकत एक आजोबा आले. ‘शेवट कोण आहे?’ त्यांनी विचारलं. मी मागे वळून म्हटलं, ‘आजोबांना पुढे जाऊ देऊ या का? त्यांना उभं राहवत नाही.’ सगळे हो म्हणाले, एक तरुण सोडून. तो रात्रपाळी करून धाटावच्या कारखान्यातून सरळ आला होता, त्याला दिव्याची गाडी पकडून नागोठण्याला जायचं होतं. ‘काकू, ही गाडी चुकली तर माझा दिवस गेला,’ तो म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त होतं आणि ते त्याने तोंडावर सांगितलं, हे मला आवडलं. मग आम्ही आजोबांना भिंतीकडच्या बाकावर बसवलं. त्यांचा नंबर त्या तरुणाच्या मागे धरला आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा मी हाक मारली. तरुण तोवर स्टेशनकडे निघून गेला होता.