विसरण्यावरची गोळी आणि घरी येणारं माणूस

मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे. डिमेन्शियावरच्या डोनेपेझिल या गोळीची चिठ्ठी घेऊन येते ती बहुतेक वेळा सून, नाहीतर मुलगी. गोळ्या पिशवीत टाकल्या की ती आवाज खाली आणून मोठ्यांच्या डायपरची साइज विचारते आणि पैसे देता देता मूळ प्रश्नावर येते : "ताई, यानं फरक पडेल ना?" काहींना पडतो, थोडा पडतो, काही काळ पडतो. आजार थांबत नाही. माझे वडील, अण्णा, याच गोळीवर आहेत, म्हणून हे मी काउंटरपलीकडून बिनदिक्कत सांगते.

पुढचं काही चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. रात्री तीनला उठून "गाडी लागली का?" म्हणत दाराशी जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं? आंघोळीला नेताना त्यानं हात उगारला तर? आणि हे सगळं करणाऱ्या बाईनं झोपायचं कधी? डिमेन्शियाच्या संशोधनातली एक अख्खी शाखा याच प्रश्नांवर काम करते. मनोसामाजिक आधार असं तिचं जड नाव आहे. आजार आहे तो आहे, पण रुग्णाचे आणि त्याला सांभाळणाऱ्याचे दिवस जरा बरे कसे जातील, हे ती बघते. नव्या इंजेक्शनची बातमी पहिल्या पानावर येते, हिची कुठेच येत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे. इतक्यांना पुरतील एवढे तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. असते तरी रात्री तीनला ते आपल्या घरी नसते.

मला सगळ्यात पटलेलं काम आपल्या शेजारी, गोव्यात झालं. १९९८ मध्ये कोचीच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांनी '१०/६६' नावाचा गट काढला. जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण लोकसंख्येवर आधारलेलं संशोधन तिथे १० टक्क्यांहूनही कमी, हा हिशेब त्यांनी नावातच घातला. लंडनचे मार्टिन प्रिन्स, गोव्यातले अमित डायस आणि विक्रम पटेल यांच्या चमूनं मग गोव्याच्या दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं निवडली. त्यांच्या घरी कोण गेलं? डॉक्टर नाहीत, परिचारिकाही नाहीत. कोंकणी बोलणारी, बारावीपर्यंत शिकलेली साधी स्थानिक माणसं. त्यांना प्रशिक्षण दिलं आणि अडलं तर विचारायला मागे मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. निदान पंधरा दिवसांनी एक फेरी, असं सहा महिने. हा आजार आहे, म्हातारपणचा हट्ट नाही, हे ते घरच्यांना समजावत. न्हाऊमाखू कसं घालायचं, चिडल्यावर काय बोलायचं ते सांगत. सरकारी पेन्शनची माहिती देत, अशाच दुसऱ्या घरांशी ओळख करून देत. निम्म्या कुटुंबांना ही मदत लगेच मिळाली आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनी, म्हणजे तुलनाही झाली आणि कुणाला कायमचं वंचितही ठेवलं नाही.

निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. रुग्णांच्या वागण्यात ठामपणे सांगता येईल असा बदल दिसला नाही. पण सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं, ताण उतरला. त्या सहा महिन्यांत १८ रुग्ण वारले. हा आकडा मी मुद्दाम देते आहे, कारण घरी येणारं माणूस मरण टाळत नाही. त्याचं काम वेगळं असतं.

रुग्णासाठी काहीच नाही, असं मात्र नाही. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये एमी स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी २०१ जणांवर एक पद्धत तपासली. लहान गटात आठवड्यातून दोनदा बसायचं, सात आठवडे, १४ बैठका. विषय साधे : जेवणखाण, आवाज, बालपण, पैसे हाताळणं. कुणाचीही परीक्षा घ्यायची नाही, मत विचारायचं. त्यात स्मरण-आकलन आणि जगण्याची गोडी दोन्ही सुधारल्याचं दिसलं. २००६ मध्ये तिथल्या आरोग्ययंत्रणेच्या मार्गदर्शिकेत ती आली आणि पुढे आपल्याकडे चेन्नईतही तिच्यावर काम झालं.

पैशांचं वाचून मी अण्णांसमोर जुनी नाणी ओतली. अण्णा एसटीत कंडक्टर होते. चौकोनी पाच पैसे, कातरलेल्या कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे. माझं नाव रोज पुसून जातं, पण बोटांना नाणी पाठ आहेत. ते ढिगाऱ्या लावतात, वेबिल मागतात आणि आषाढीच्या जादा गाड्यांत टपापर्यंत माणसं कशी भरली होती ते सांगू लागतात. "आज कोण वार?" विचारलं की ते गप्प होतात. "यात्रेची गाडी बरी की रोजची?" विचारलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

आता यंत्रांकडे येते, कारण दुकानात हल्ली त्यांचीच चौकशी जास्त. माझ्या भावानं अण्णांसाठी ठिकाण दाखवणारं घड्याळ पाठवलं. ते रोज चार्ज करायचं, आणि अण्णा ते काढून ठेवतात. त्यांच्या मते हातातलं खरं घड्याळ एचएमटीच. शेवटी कडीला घुंगरं बांधली. ती वाजली की मला जाग येते. इंग्लंडमध्ये ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, ते वाचून मला मुळीच नवल वाटलं नाही. काहींच्या घरी सेन्सर, गजर, दूरदेखरेख असा पुरता संच, बाकीच्यांकडे धुराचा गजर वगैरे प्राथमिक गोष्टी. दोन वर्षांनंतर पुरत्या संचामुळे कुणी जास्त काळ स्वतःच्या घरी राहू शकलं, असं दिसलं नाही.

यंत्रं टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. कुणाला काय हवं हे न विचारता बसवलेली यंत्रं टाकाऊ असतात. युरोपातल्या 'इंटरडेम' या संशोधकांच्या जाळ्याला ते उमगलेलं दिसतं. २०१६ पासून 'इंडक्ट' आणि पाठोपाठ 'डिस्टिंक्ट' या प्रकल्पांत निरनिराळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून तरुण संशोधक तयार केले. त्यांचा विषय एकच : तंत्रज्ञान आणि डिमेन्शिया असलेलं माणूस यांचं कसं जमेल. २०१२ पासून युरोपात एक सल्लागार गटही आहे, त्याचे सगळे सदस्य स्वतः या आजाराचे. आपल्याकडे अशा माणसाचं मत घ्यायचं म्हटलं तर घरचेच म्हणतील, "त्यांना काय विचारता?"

जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' हा सांभाळणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम भारतातही आजमावला गेला. १५१ जण सहभागी झाले, शेवटपर्यंत टिकले ते निम्म्याहूनही बरेच कमी. ज्याला अंघोळीलाही वेळ मिळत नाही तो पडद्यावरचे धडे कधी वाचणार?

म्हणून माझं मागणं साधं आहे. गोव्यात जे ८१ घरांत झालं ते आपल्या प्रत्येक तालुक्यात व्हावं. गावात आशाताई आहेतच; त्यांना या कामाचं वेगळं प्रशिक्षण आणि वेगळं मानधन द्यावं, फुकटात आणखी एक ओझं नको. तोवर तुमच्या घरी असं कुणी असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय 'एल्डरलाइन' आहे : १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सातही दिवस, विनाशुल्क.