खातं आणि छावणी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरात, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण तालुक्यात पाचशेचा आकडा गाठला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. ज्वारी-बाजरी, मेंढरं, खिल्लार बैल, आणि रान ओस पडलं की मुंबईची नाहीतर ऊसतोडीची वाट. या तालुक्यातलं म्हसवड सिद्धनाथाच्या रथयात्रेसाठी पूर्वापार ओळखलं जातं. 1997 पासून त्याला दुसरी ओळख मिळाली ती माणदेशी महिला सहकारी बँकेमुळे.

बँकेच्या संस्थापक चेतना गाला-सिन्हा मूळच्या मुंबईच्या. अर्थशास्त्र शिकलेल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या चळवळीने भारलेल्या पिढीतल्या. म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून त्या ऐंशीच्या दशकात इथं आल्या, तेव्हा घरात ना नळ होता ना संडास. बँक निघाली ती एका बाईच्या साध्या मागणीतून. रस्त्याकडेला लोहारकाम करून पोरं वाढवणारी ही बाई. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा, म्हणून थोडे थोडे पैसे साठवायचे होते. तिला कर्ज नको होतं, फक्त खातं हवं होतं. तेव्हाच्या एका बँकेने रक्कम फारच लहान म्हणून नकार दिला.

नकारामागे बँकेचं गणित असतं. खातं दहा रुपयांचं असो की दहा लाखांचं, कागदपत्रं, नोंदी आणि कारकुनाचा वेळ जवळपास तितकाच लागतो. लहान ठेवीदार म्हणजे तोटा, असा हिशेब त्यातूनच निघतो. पण अशा बाईला पैशांची गरज पडली की ती सावकाराकडे जाते आणि महिना शेकडा तीनने, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांनी, व्याज भरते. ज्याची बचत बँकेला नकोशी, त्याचं व्याज सावकाराला मात्र हवंसं असतं.

अंगठ्याची अडचण

मग महिलांचीच सहकारी बँक काढायचं ठरलं. भागभांडवलासाठी बायकांनी आपापली पुंजी काढली. पण सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो, आणि पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. लोकांच्या ठेवी सांभाळायला निघालेल्यांना लिहिता-वाचता यावं, ही अपेक्षा काही गैर नव्हती. चेतनाताई हताश होऊन परतल्या. बायका मात्र अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज गेला, आणि या खेपेला त्यांच्यासोबत बायकाही मुंबईला गेल्या. लहानपणी गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नाही, असं त्यांनी साहेबांना सुनावलं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा, असं आव्हानही दिलं. आठवडी बाजारात उभं आयुष्य गेलेल्यांना शेकड्याचा हिशेब कोण शिकवणार? परवाना मिळाला.

पुढे बँकेची पद्धतही खातेदारांच्या गरजेतूनच घडत गेली. मजुरी बुडवून बँकेत यायला वेळ नाही म्हटल्यावर बँकेची माणसं दारात आणि बाजारात जाऊ लागली. संगणकीय व्यवहार आले तेव्हा पिन क्रमांकाला बायकांचाच विरोध झाला. आकडा दुसऱ्याला कळला तर कष्टाचे पैसे जातील, अंगठा कोण चोरणार, हा त्यांचा रोकडा सवाल. एकदा परवाना अडवणारा अंगठा आता तिजोरीची किल्ली ठरला. 2018 पर्यंत खातेदार महिलांची संख्या एक लाखावर गेली होती.

दावणीतली जनावरं

इथवरची गोष्ट बँकेची. पण चेतनाताईंच्या कामाचा दुसरा अर्धा भाग 2012 च्या दुष्काळात लख्ख दिसला. एक बाई दागिने गहाण टाकायला आली. सोनं कशासाठी ठेवतेस म्हटल्यावर कळलं, जनावरांच्या चाऱ्यासाठी. मग तिनेच उलट विचारलं, सोनं ठेवून पाणी मिळेल का? आणि पाण्यावाचून गाव उठलं, तर बँक कुणासाठी चालवणार?

या प्रश्नाला सोनेतारणाच्या नियमात उत्तर नव्हतं. चेतनाताईंच्याच माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला चारा छावणी उघडली. शेतकरी बायका-पोरांसह जनावरं घेऊन तिथं राहायला आले. पाऊस पुढे पुढे गेला आणि छावणी दीड वर्ष चालली. ठेवीदारांच्या पैशातून असा खर्च करता येत नाही, कायदाही ते करू देत नाही. म्हणून बँक वेगळी आणि फाउंडेशन वेगळं, ही रचना महत्त्वाची. एकीकडे पै-पैचा चोख हिशेब, दुसरीकडे देणग्या आणि लोकांचे राबते हात.

वरवर पाहता छावणी हे परोपकाराचं काम. पण बँकवाल्याच्या नजरेने बघा. दुष्काळात गाय किंवा बैल पडेल त्या भावाने विकावा लागला, की कुटुंबाचं भांडवलच जातं. दूध नाही, शेणखत नाही, पुढच्या पेरणीला औत नाही. मग कर्ज फिटणार कसं? दावणीला जनावर टिकलं तर पाऊस पडल्यावर घर पुन्हा उभं राहतं, आणि खातंही. गावासाठी केलेली धावपळ ही अशा बँकेची फावल्या वेळची हौस नसते. तिच्या कर्जाचं खरं तारण तेच असतं.

फाउंडेशनची बाकीची कामंही याच धाग्यात बसतात. 2008 मध्ये सामुदायिक रेडिओ सुरू झाला. छावणीत गाणी म्हणून लोकांना धीर देणारी एक निरक्षर बाई पुढे त्याच रेडिओवर बोलू-गाऊ लागली. महिलांसाठीची उद्योगशाळा तर बसमधून गावोगाव फिरली. कर्जाने धंदा सुरू होतो. तो टिकतो तो भाव, हिशेब आणि बाजार कळल्याने.

जागतिक आर्थिक मंचाच्या 2018 च्या दावोस परिषदेच्या सात सहअध्यक्षा सगळ्या महिलाच होत्या, त्यांत चेतनाताई होत्या. हा मान मोठाच. तरी म्हसवडचा धडा दावोसपेक्षा आपल्या तालुक्याच्या गावांना जास्त उपयोगी आहे. महाराष्ट्रात गावोगावी नागरी बँका आणि पतसंस्था आहेत. त्यांच्या वार्षिक सभेत ठेवी, कर्जं, थकबाकी आणि लाभांश यांचे आकडे वाचले जातात, चहा-फराळ होतो, सभा संपते. यापुढे सभासदाने उठून आणखी एक आकडा मागावा : यंदा किती जणांना खातं किंवा कर्ज नाकारलं, आणि प्रत्येक वेळी कारण काय दिलं?