फेलिक्स मागाथ : छळणारा मास्तर

जर्मन कोच म्हटलं की आपल्याकडे लगेच क्लॉपचं नाव निघतं. मला मात्र आज अशा एका माणसाबद्दल लिहायचंय, ज्याला जर्मनीत 'क्वेलिक्स' म्हणत. जर्मन भाषेत 'क्वेलेन' म्हणजे छळणे. फेलिक्स अधिक क्वेलेन, बरोबर क्वेलिक्स! आडनाव मागाथ.

गंमत अशी, की खेळाडू म्हणून हा माणूस धावपळ करणाऱ्यांतला नव्हताच. जन्म १९५३ चा. वडील अमेरिकन सैन्यातले, मूळ पोर्टो रिकोचे. ते परत निघून गेले आणि आईनेच मुलाला वाढवलं. १९७६ ते १९८६ अशी दहा वर्षं तो हॅम्बुर्गचा मिडफिल्डर होता. डावखुरा, शांत, बॉल कुठे जाणार हे आधीच ओळखणारा. कावीळ होऊन अंथरुणात पडला तेव्हा बुद्धिबळ शिकला, आणि ते वेड कायमचं लागलं.

१९८३ ची युरोपियन कप फायनल, अथेन्स. समोर युव्हेंटस. त्या टीममध्ये आदल्या वर्षी इटलीसाठी वर्ल्ड कप जिंकलेले सहा जण, शिवाय प्लाटिनी आणि बोनिएक! हॅम्बुर्ग हरणार हे जवळजवळ सगळ्यांनी धरलेलंच होतं. पहिल्या दहा मिनिटांतच मागाथने बॉक्सच्या बाहेरून डाव्या पायाने असा बॉल मारला की गोलकीपर झॉफ बघतच राहिला. १-०, आणि शेवटपर्यंत तेवढंच. जर्मनीकडून तो ४३ मॅचेस खेळला, १९८० ची युरो जिंकणाऱ्या आणि १९८२ व १९८६ च्या वर्ल्ड कपला उपविजेत्या ठरलेल्या टीममध्ये होता.

असा नाजूक खेळाडू कोच झाला आणि त्याने पोरांच्या हातात काय दिलं? मेडिसिन बॉल! वोल्फ्सबुर्गला तर त्याने प्रॅक्टिस ग्राउंडवर पायऱ्यांची टेकडीच करून घेतली. तिचं नाव पडलं 'माउंट मागाथ'. यामागचं लॉजिक साधं आहे. शेवटच्या वीस मिनिटांत समोरचे थकतात, तेव्हा आपले पळत राहिले पाहिजेत. आणि ते चाललंसुद्धा! बायर्नला त्याने २००५ आणि २००६ असं लागोपाठ लीग आणि कप दोन्ही जिंकून दिलं. वोल्फ्सबुर्गची टीम २००८-०९ च्या हिवाळी सुट्टीत नवव्या नंबरवर होती. सुट्टीनंतर त्यांनी सलग दहा मॅचेस जिंकल्या, त्यात बायर्नला ५-१ असं धुतलं. झेको आणि ग्राफिते या दोघांनी मिळून ५४ गोल केले आणि क्लब इतिहासात पहिल्यांदाच चॅम्पियन झाला.

मग हा माणूस कुठेच फार टिकला का नाही? याचं उत्तर मला आपल्या मटेरियल सायन्समध्ये सापडतं. तांब्याची तार वाकवली की ती कडक होते, म्हणजेच वर्क हार्डनिंग. पण वाकवतच राहिलात तर कट्कन तुटते. मध्ये कधीतरी तापवून तिला मऊ करावं लागतं, त्याला ॲनीलिंग म्हणतात. मागाथला ॲनीलिंग माहीतच नव्हतं! ते काम नंतर येणारे करायचे. १९९९ मध्ये वेर्डर ब्रेमेनने त्याला काढलं, शाफ आला आणि काही आठवड्यांत तीच टीम जर्मन कप जिंकली. मार्च २०११ मध्ये शाल्केने काढलं. त्याच पोरांनी रांगनिकच्या हाताखाली इंटर मिलानला हरवून चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल गाठली, वर कपही घेतला. (बायर्नला हा नियम लागू पडला नाही. २००७ मध्ये मागाथला काढूनही ते चौथेच राहिले.)

२०१४ मध्ये इंग्लंडच्या फुलहॅमला तर सगळाच बोजवारा उडाला. टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. कॅप्टन हांगेलांडने पुढे सांगितलं, की दुखऱ्या पायाला मागाथने 'क्वार्क' लावायला सुचवलं होतं. क्वार्क म्हणजे जवळपास आपला चक्का! पेपरवाल्यांनी यथेच्छ चेष्टा केली. जर्मनीत हा घरगुती उपाय आहे हे कोणी लक्षातच घेतलं नाही. आपण नाही का मुरगळलेल्या पायाला हळद लावत?

मार्च २०२२ मध्ये, ६८ व्या वर्षी, बुडत्या हेर्था बर्लिनने त्याला बोलावलं. शेवटी दोन मॅचेसचा प्लेऑफ आला आणि समोर कोण? हॅम्बुर्ग! बर्लिनमधली पहिली मॅच हेर्था ०-१ अशी हरली. दुसऱ्या मॅचची टीम ठरवताना या हुकूमशहाने चक्क एका खेळाडूशी, ३५ वर्षांच्या केव्हिन-प्रिन्स बोआटेंगशी, सल्लामसलत केली आणि त्यालाही पहिल्यापासून खेळवलं. हॅम्बुर्गच्याच मैदानावर हेर्था २-० ने जिंकून वाचली. हॅम्बुर्ग मात्र २०२५ पर्यंत दुसऱ्या डिव्हिजनमध्येच अडकून पडलं.